मागाची पुस्तिका 'अवघड', कादंबरी 'सोपी' : चायनीज टेक्स्ट अ‍ॅनालायझर दीड वर्ष वापरून

आधी माझी यत्ता सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे चिनी रॅपियर माग आले तेव्हा पडद्यावरची अक्षरं चिनी, सोबतची पुस्तिका चिनी, आणि तिचं इंग्रजी असं की माग सुरू व्हायच्या ऐवजी वाचणाराच बंद पडावा. तेव्हा इरेला पेटून चिनी शिकायला घेतली. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी असा वाढलेला माणूस मी. त्यात आणखी एक भाषा, तिचं काय एवढं, असं वाटलं होतं. सात वर्षं झाली. एचएसके म्हणजे परदेशी माणसांसाठीची चिनी भाषेची परीक्षा; तिची जुन्या पद्धतीची चौथी पातळी पदरात आहे. बोलणं तोडकंमोडकं, वाचन त्याहून बरं.

माझी अडचण वाचण्यापेक्षा पुस्तक निवडण्याची जास्त. मराठीत एखादा शब्द अडला तरी तो निदान मोठ्यानं वाचता येतो, शेजारच्याला विचारता येतो. चिनी अक्षर अडलं की तोंड उघडायचीही सोय नाही, कारण उच्चाराचा नुसता अंदाज असतो आणि तो निम्म्या वेळा चुकतो. पानावर अशी पंचवीस ठिकाणं आली की ते वाचन राहत नाही, खोदकाम होतं. त्यामुळे पुस्तक विकत घेण्याआधी ते आपल्याला झेपेल का हे कळायला हवं, आणि नेमकं तेच कोणी धड सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून गोष्टींच्या तीन पुस्तकांचा संच मागवला. वर ठसठशीत 'एचएसके ४'. म्हटलं, आपलीच पातळी. पेन्सिल घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात पहिलं पान काळं झालं. मला वाटलं चार वर्षं वाया गेली. मग उलगडा झाला. जुन्या व्यवस्थेत चौथ्या पातळीपर्यंत १२०० शब्द धरत. २०२१ साली नवीन मानक आलं, सहाच्या जागी नऊ पातळ्या झाल्या, एकूण शब्द ११,०९२, आणि त्यात चौथ्या पातळीपर्यंतचेच ३२४५. वेष्टनावर यातली कुठली 'चार' ते लिहिलेलंच नव्हतं. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, "सर, फोर म्हणजे फोर." संच परत घेतला नाही. कपाटात आहे, पाहुण्यांवर छाप पाडायला बरा पडतो.

ही रड ऐकून आमच्या ऑनलाइन वर्गाच्या लाओशींनी, म्हणजे पुण्याच्या आमच्या बाईंनी, चायनीज टेक्स्ट अ‍ॅनालायझरचं नाव सांगितलं. विंडोजवर चालणारा आटोपशीर प्रोग्रॅम आहे. चाचणीपुरता फुकट, पटला तर विकत. एकदा बसवला की इंटरनेट लागत नाही, जे आमच्या कारखान्याच्या कोपऱ्यात फार महत्त्वाचं. मजकुराची फाईल उघडायची. तो सगळा मजकूर शब्दाशब्दांत तोडतो आणि बाजूला हिशेब मांडतो : एकूण शब्द किती, वेगवेगळे शब्द किती, वेगवेगळी अक्षरं किती, आणि शेकडा किती शब्द तुम्हाला येतात. अख्खी कादंबरी टाकली तरी हातातला चहा गरमच असतो.

'तोडतो' म्हटलं ते मुद्दाम. चिनीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपल्या मोडीत सगळं सलग असायचं तसंच. कुठे तोडायचं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. वर्गात सगळ्यांना सांगतात ते उदाहरण नानजिंगच्या १९६८ साली झालेल्या पुलाचं. सात अक्षरं आहेत. एका ठिकाणी तोडली तर 'नानजिंग शहराचा यांगत्से नदीवरचा मोठा पूल', दुसऱ्या ठिकाणी तोडली तर 'नानजिंगचे महापौर ज्यांग दाछ्याओ'. असे महापौर कधी झाले नाहीत, पण वाक्याला त्याचं काही वाटत नाही. माणूस हे संदर्भानं सोडवतो, प्रोग्रॅम शब्दकोशाच्या आधारानं सोडवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सोडवतो. चुकतो कुठे ते पुढे सांगतो.

तर आकडा. इंग्रजी शिकणाऱ्यांवर हू आणि नेशन यांनी केलेला २००० सालचा एक अभ्यास आहे. त्यात गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द माहीत असावे लागतात असं निघालं. चिनी शिकणारेही तोच आकडा धरून चालतात. अठ्ठ्याण्णव ऐकलं की वाटतं, हे जरा अतीच होतंय, नव्वद म्हणजे डिस्टिंक्शन की. हिशेब करून पाहा. कादंबरीच्या एका पानावर साधारण तीनशे शब्द धरा. अठ्ठ्याण्णव टक्क्यांना सहा शब्द अडतात. ब्याण्णव टक्क्यांना चोवीस. चोवीस म्हणजे जवळपास प्रत्येक ओळीला एक ठेच. परीक्षेतले ब्याण्णव आणि वाचनातले ब्याण्णव यांचा काही संबंध नाही.

हा आकडा बरोबर यायचा तर तुम्हाला काय येतं हे आधी प्रोग्रॅमला सांगावं लागतं. एचएसकेची यादी आत घेता येते, बाकीचे शब्द एकेक करून 'माहीत' म्हणून टिपायचे. पहिल्या रात्री मी उदार होऊन टिपत सुटलो. ओळखीचा चेहरा दिसला की माहीत! आकडा आला ९५. प्रत्यक्षात पान पुढे सरकेना. मापातच पाप होतं. मग सगळं पुसून नव्यानं बसलो आणि नियम केला : उच्चार आणि अर्थ दोन्ही न चाचरता सांगता आले तरच खूण करायची. तीन रविवार गेले. बायको म्हणाली, "दसऱ्याची साफसफाई कधी एवढ्या मन लावून केली नाहीत." आकडा ८९ वर आला, आणि त्यानंतर प्रोग्रॅम माझ्याशी खरं बोलायला लागला. विकत घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की हे तीन रविवार द्यायची तयारी नसेल तर पैसे घालू नका.

आता मागाच्या पुस्तिकेची गंमत. नुसत्या एचएसके यादीनं मोजली तर ती कादंबरीपेक्षा कितीतरी अवघड निघते. साहजिकच आहे. जिंगशा म्हणजे ताणा (उभे धागे), वेइशा म्हणजे बाणा (आडवे धागे), हे माझ्या पातळीच्या यादीत कशाला असतील? पण पडद्यावर 'वेइथिंग' आलं की बाणा तुटून माग थांबलाय, 'जिंगथिंग' आलं की ताण्याचा धागा गेलाय, हे आमचा जॉबरसुद्धा सांगतो, ज्याला चिनीत 'नी हाओ'च्या पुढे काही येत नाही. मी कामाचे शे-दीडशे शब्द यादीत घातले आणि तीच पुस्तिका एकदम सोपी झाली, कारण दोनशे पानं तेच शब्द दळतात. त्यावरून एक गोष्ट शिकलो. शेकडेवारीच्या आधी वेगवेगळ्या शब्दांचा आकडा बघायचा. दोन पुस्तकं सारख्याच टक्क्यांची असतील तर ज्यात वेगवेगळे शब्द कमी ते घ्या. पहिली वीस पानं रडवेल, पुढे तोच लेखक तेच शब्द पुन्हा पुन्हा देत राहतो.

आणि इथेच या प्रोग्रॅमचा सगळ्यात चांगला भाग आहे, जो माझ्या मते आकड्यापेक्षाही मोलाचा : न येणारे शब्द तो किती वेळा आलेत त्या क्रमानं लावून देतो. पुस्तक उघडायच्या आधी वरचे चाळीस-पन्नास शब्द पाठ करायचे. जो शब्द पुस्तकात एकदाच येणार आहे त्याच्या नादी लागायचं नाही. भाजी निवडून ठेवल्यावर स्वयंपाक जसा भराभर होतो, तसं वाचन होतं.

पहिली खरी कादंबरी म्हणून मी यू ह्वा यांची १९९३ ची 'ह्वोज' घेतली, 'जगणं' असा अर्थ. हे गृहस्थ लेखक होण्याआधी दात काढायचं काम करत. भाषा साधी म्हणून शिकणाऱ्यांना सगळे हीच सुचवतात. प्रोग्रॅमनंही तिला माझ्या यादीतल्या बाकीच्या कादंबऱ्यांपेक्षा सोपी ठरवलं. बरोबरच ठरवलं. तरी पहिल्याच वाक्यात 'योउशोउ हाओश्येन' हा चार अक्षरांचा वाक्प्रचार आडवा आला : काही कामधंदा न करता उंडारणे. चारपैकी तीन अक्षरं मला शेंडीपासून माहीत. 'हात' आहे, 'आवडणे' आहे, 'रिकामा' आहे. जोडून काय ते कळेना. परक्या माणसाला 'नाकी नऊ आले' वाचायला द्या. नाक येतं, नऊ येतं, येणं येतं. झालं का काम?

प्रोग्रॅम वाक्प्रचार शब्दकोशात असेल तर अख्खा उचलतो, हे कबूल. पण खरी फसगत साध्या जोडशब्दांत, आणि तीही तुम्ही पुस्तकाची अवघडता अक्षरांवरून मोजत असाल तर. 'मा' घोडा, 'शांग' वर. 'माशांग' म्हणजे 'घोड्यावर' नव्हे, 'लगेच'. 'दोंग' पूर्व, 'शी' पश्चिम; 'दोंगशी' म्हणजे 'वस्तू'. हात आणि घाई ठाऊक असून 'हातघाई' कळत नाही, तसंच. चीनमध्ये १९८८ साली रोजच्या वापरातल्या अक्षरांची यादी झाली, त्यातली २५०० अक्षरं साध्या मजकुराचा ९७.९७ टक्के भाग व्यापतात असं सांगतात. हे वाचून मी एकदा जाम खूश झालो होतो. अडीच हजार अक्षरं केली की जिंकलो! अक्षरं व्यापतात हो, अर्थ कोण व्यापणार? या प्रोग्रॅमचं मोठेपण असं की तो अक्षरं आणि शब्द दोन्ही वेगवेगळे मोजतो. शब्दांचाच आकडा धरा.

शब्दांतही तो अडखळतो ते नावांपाशी. त्या कादंबरीत मुलाचं नाव योउछिंग. शब्दकोशात असं नाव नसलं की त्याचे दोन तुकडे होतात : 'योउ' म्हणजे 'आहे' आणि 'छिंग' म्हणजे 'साजरं करणं'. मूल पानोपानी आहे, म्हणजे 'आहे' पानोपानी वाढलं, आणि ते तर माहीतच, म्हणून माझा आकडा फुकटात वर. आईचं नाव ज्याजेन; तो शब्द कोशात आहे, 'घराण्याचा ठेवा' अशा अर्थानं, म्हणून तो माहीत नसलेला मोठा शब्द धरला जातो. एकीकडे चढलं, दुसरीकडे उतरलं. कादंबरीतली माणसं कोण कोण आहेत ते आधी बघून ठेवलं की हा गोंधळ निम्मा होतो.

उलट प्रकारही झाला. कादंबरीच्या नायकाचा बाप रोज संध्याकाळी गावाच्या वेशीवर 'फन्गांग'कडे जातो. यादीत नसलेला शब्द, प्रोग्रॅमनं इमानदारीत वेगळा दाखवला. प्लेकोत, म्हणजे फोनमधल्या चिनी शब्दकोशात, पाहिलं तर शेणखताचा, खरं म्हणजे मैल्याचा, मोठा रांजण. म्हातारा त्याच्यावर चढून बसतो. खेड्यात उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेल्या माणसाला हे कळायला शब्दकोश लागलाच नसता. पुढच्या दोन ओळींतच सगळं दिसतं. अवघड म्हणून मोजलेला शब्द सोपा निघाला.

सगळ्यात मोठा चकवा मात्र लू शुन यांच्या 'खोंग यीजी'नं दिला. १९१९ साली 'शिन छिंगन्येन' मासिकात आलेली छोटीशी गोष्ट, एका बैठकीत संपेल इतकी. आकडा बरा आला म्हणून उत्साहानं घेतली. त्यातला नायक परीक्षा नापास झालेला, दारूच्या दुकानात उभ्यानं पिणारा पंडित, बोलताना सारखं 'ज, हू, ज, ये' करतो. हे जुन्या ग्रांथिक चिनीतले लहानसहान शब्द. अक्षरं म्हणून घेतली तर त्यातली बहुतेक आजही रोज दिसतात. प्रोग्रॅम म्हणतो माहीत. मी म्हणतो माहीत. वाक्य म्हणतं, नाही. आपल्याकडे 'च', 'वै', 'तु', 'हि' ही अक्षरं कोणाला वाचता येत नाहीत? म्हणून गीता कळली का? ती गोष्ट शेवटी लाओशींबरोबर दोन तास बसून वाचली. बडीशेपेच्या चवीच्या शेंगदाण्यासारख्या कसल्याशा दाण्यांवर त्या पंडितानं दुकानातल्या पोऱ्याला 'त्या शब्दातलं एक अक्षर चार तऱ्हांनी लिहितात' असं सुनावलंय, तिथे लाओशी खुदकन हसल्या. मला हसू यायला आणखी दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांचा आकडा कुठल्याच प्रोग्रॅमात नाही. (ते दाणे म्हणजे शेंगदाणे नव्हेत, बाकल्याच्या बिया, हे नंतर कळलं.)

लहान मुलांची पुस्तकं घ्या, असा सल्ला येता-जाता मिळतो. मी घेतली. सशाच्या उड्या, बेडकाचं डराव, किड्यांची नावं, आणि चिनी पोराला शाळेत जायच्या आधीपासून तोंडी येत असलेले हजारो शब्द. आकडा कादंबरीपेक्षा खाली. भाचीला देऊन टाकली, चित्रं छान आहेत.

शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेल्या पुस्तकांचं तसं नाही, पण तिथेही माप तपासा. पेकिंग विद्यापीठाच्या प्रकाशनाची 'हानयू फंग' मालिका शब्दांवर मोजते : पहिली पायरी ३००, मग ५००, मग ७५०. 'मँडरिन कंपॅनियन' अक्षरांवर मोजते : १५०, ३००, ४५०. दोघांच्या '३००' मध्ये मीटर आणि वाराइतका फरक आहे. तीनशे अक्षरांतून तीनशेपेक्षा पुष्कळ जास्त शब्द बनतात. दोन्ही चांगल्या. दुसरीत शेरलॉक होम्स शांघायचा गाओ मिंग होतो, आणि लाल केसांच्या मंडळाचं कुरळ्या केसांचं मंडळ होतं, कारण लाल केसांचे चिनी आणायचे कुठून? अशी नावं अस्सल चिनी असल्यामुळे परदेशी नावांची पाच-पाच अक्षरांची माळ ओढत बसावी लागत नाही. भाषांतरित कादंबऱ्यांत माझा जीव तिथेच जातो.

खटकलेल्या गोष्टी दोनच. हा प्रोग्रॅम वापरायला मजकूर फाईलमध्ये हवा, म्हणजे छापील पुस्तकापुढे त्याचे हात टेकतात. मी विकत घ्यायच्या ई-बुकचं नमुना प्रकरण तेवढं मोजतो, आणि नमुना नेहमी सुरुवातीचा असतो, जिथे लेखक सगळ्यात जास्त नटतो. म्हणून आकड्यात मनातल्या मनात दोन टक्के मिळवतो. दुसरं, मी वाचतो फोनवर, प्लेको उघडून, आणि मोजतो कॉम्प्युटरवर. फोनमध्ये नवीन आलेले शब्द इकडे आणून टिपायचा कंटाळा येतो, मग यादी शिळी होते आणि आकडा मला आहे त्यापेक्षा ढ दाखवतो. दर महिन्याला एक तास त्यासाठी काढावा लागतो.

एवढं असूनही मी तो काढून टाकलेला नाही, आणि टाकणारही नाही. दोन पुस्तकांत आधी कुठलं, हे त्याच्याइतकं पटकन मला दुसरं कोणी सांगितलेलं नाही. एका पुस्तकाबद्दल 'जमेल का' विचाराल तर मात्र आकडा बघा आणि मधलं कुठलंही एक पान स्वतः वाचा. पान खरं.

मागच्या महिन्यात लाओशींनी एक मजकूर पाठवला, दहा-बारा पानांचा, डॉ. कोटणीसांवरचा. चिनीत त्यांना ख दीह्वा म्हणतात. १९३८ साली भारतातून जे पाच डॉक्टर गेले, त्या पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' आहे, म्हणजे चीन. नागपूरचे चोळकर त्यातलेच. सवयीनं आधी प्रोग्रॅममध्ये टाकला. आकडा ८४. माझ्याच नियमानं तो मजकूर बाजूला ठेवायला हवा होता. न येणाऱ्या शब्दांची यादी उघडली : ख दीह्वा, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांचं चिनी नाव, आठवी मार्ग सेना (तेव्हाची चिनी कम्युनिस्टांची फौज), हपेइ प्रांतातल्या गावांची नावं, शस्त्रक्रियेचे शब्द, आणि त्यांच्या मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत-चीन. मी भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून रोज कामाला जातो. शाळेत दर वर्षी त्यांच्यावर निबंध लिहिलाय. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तीस वर्षांचे असताना ते गेले, हे मला चिनी यायच्या तीस वर्षं आधीपासून पाठ आहे. पुढच्या ओळीत काय येणार हे ठाऊक असल्यावर अक्षर अडलं तरी वाक्य अडत नाही. रात्रपाळीला माग सुरळीत चालू होते, केबिनमध्ये बसून सगळा मजकूर वाचून काढला. प्लेको चार वेळा उघडलं असेल.

सकाळी घरी येऊन नावांवर 'माहीत' अशा खुणा केल्या आणि पुन्हा मोजलं. ९१ आलं. तोवर वाचून झालं होतं.